डिजिटल कॅमेऱ्याचे फोटो अचानक काळपट येतायत, काय बिघडलं असेल?

बहुधा काहीच बिघडलेलं नाही. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ-गडद करायची चकती, उणे बाजूला सरकलीय का ते आधी बघा. बॅगेत घासून ती चकती सहज फिरते, आणि उणे २ म्हणजे प्रकाश थेट पाव. मी सोलापुरात लग्नाचे, जत्रेचे फोटो काढतो. दुरुस्तीला निघालेले बरेच कॅमेरे ही चकती शून्यावर आणली की सुटतात. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत मात्र शून्यावर ठेवूनही फोटो काळवंडतो, कारण पांढऱ्या बाराबंद्या (बंदांचे अंगरखे) घातलेली गर्दी कॅमेऱ्याच्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरला फसवते. तिथे अधिक १ करा. पण छोट्या कॅमेऱ्यात स्क्रीनवरही काळोख दिसून फोटो पार काळा येत असेल, तर शटरची, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या झडपेची, पाती बंद अडकली असू शकतात. तो घरी उघडू नका. बॅटरी काढली तरी फ्लॅशचा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, जबर झटका देऊ शकतो.