महागडी एअरसॉफ्ट घेतोयस? आधी आत काय आहे ते बघ

अरे, एअरसॉफ्ट म्हणजे प्लास्टिकच्या बारीक गोळ्या मारणारी, खऱ्यासारखी दिसणारी खेळातली बंदूक. तिला दुप्पट पैसे मोजले म्हणजे दुप्पट टिकेल असं काही नसतं. जास्तीची किंमत बहुतेक धातूच्या बॉडीत आणि खऱ्या बंदुकीच्या कंपनीकडून परवाना घेऊन कोरलेल्या तिच्या नावात जाते. फोटोत छान दिसतं, एवढंच. टोकियो मारुई या जपानी कंपनीनं 1991 मध्ये बॅटरीवर चालणारी पहिली एअरसॉफ्ट रायफल आणली. त्यांच्या कित्येक रायफलींची बॉडी आजही प्लास्टिकची आहे, पण गिअरबॉक्सवर, म्हणजे आतल्या गिअर आणि पिस्टनच्या पेटीवर, लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात.

माझी पहिली महागडी रायफल तिसऱ्याच महिन्यात बंद पडली. हवेच्या दाबानं गोळी ढकलणाऱ्या पिस्टनचे दात गेले होते. चूक निम्मी माझीच, 7.4 व्होल्टच्या जागी हौसेनं 11.1 व्होल्टची बॅटरी लावली होती. त्यामुळे सुट्या भागांची सोय आधी विचार. इंदूरच्या बाजारात ते मिळत नाहीत. बाहेरून मागवायचे तर कस्टम्सची कटकट. आयातीचे आणि शस्त्रांचे नियम पैसे भरण्याआधीच वाच.

बॅटरीऐवजी गॅसच्या दाबावर चालणारी तर सध्या नकोच. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, उन्हात ठेवलेल्या मॅगझिनमधल्या गॅसचा दाब वाढतो आणि सील गळायला लागतं.

नेम सुधारायचा असेल तर हॉप-अपचं (गोळीला उलटी फिरकी देणाऱ्या भागाचं) चांगलं रबर आणि 0.20 ऐवजी 0.25 ग्रॅमच्या गोळ्या घे. उरलेल्या पैशातून आधी डोळ्यांसाठी दणकट गॉगल. आणि रायफल नेताना पिशवीत बंद ठेव, इंदूरच्या राजवाड्यासमोर मिरवू नकोस, लोकांना ती खरीच वाटते.