एसीएलच्या (गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणाऱ्या एका लिगामेंटच्या, म्हणजे पट्ट्याच्या) ऑपरेशनमध्ये स्क्रू टायटॅनियमचा घ्यावा की विरघळणारा?

गुडघा किती स्थिर राहतो हे पाहिलं तर दोन्हींचे निकाल जवळपास सारखेच. त्यामुळे महाग तोच चांगला, असं समजू नका.

स्क्रूचं खरं काम पहिल्या काही महिन्यांचं. हाडात पाडलेल्या बोगद्यात नवं लिगामेंट आवळून धरायचं, ते हाडाला धरेपर्यंत. टायटॅनियम यात दणकट, बसवताना सहसा तुटत नाही. नंतर एमआरआयही काढता येतो, फक्त स्क्रूभोवतीचं चित्र फिस्कटतं. पुन्हा ऑपरेशनची वेळ आली तर मात्र तो आधी काढावा लागू शकतो.

विरघळणारा बहुधा पॉलीलॅक्टिक अ‍ॅसिडचा असतो. ‘विरघळतो’ म्हटल्यावर चहातली साखर आठवते, पण याला कित्येक वर्षं लागू शकतात, आणि त्या जागी हाड पूर्ण भरेलच असं नाही. पिळताना मोडण्याची, पुढे बोगदा रुंदावण्याची किंवा गुडघ्यात पाणी होण्याची तक्रारही याच्याच बाबतीत जास्त. हाड भरावं म्हणून कॅल्शियमचं खनिज मिसळलेले बायोकॉम्पोझिट स्क्रूही मिळतात. पीक (PEEK) नावाच्या प्लास्टिकचा स्क्रू विरघळत नाही, पण एमआरआयच्या आड येत नाही.

मी तर सर्जनला एवढंच विचारेन: तुमचा हात कशावर बसलाय?