आजोबांच्या जुन्या वस्तऱ्याने घरी दाढी करायला कसं शिकावं? गळा कापायची भीती वाटते.

गळ्याची भीती तूर्त बाजूला ठेवा, कारण पहिले काही आठवडे वस्तरा गळ्याला लावायचाच नाही. फक्त गाल करायचे, कानशिलापासून जबड्याच्या हाडापर्यंत. बाकीची दाढी नेहमीच्या रेझरने उरकून घ्या. नवशिक्यांचं रक्त निघतं ते बहुतेक हनुवटीवर आणि ओठाच्या वर, तेही एकाच दिवशी सगळा चेहरा करायला गेल्यामुळे.

मी पंचवटीत राहतो. रामकुंडावर क्षौर करणारे कारागीर लहानपणापासून बघत आलोय. त्यांचा वस्तऱ्याचा हात एवढा झपाझप चालतो की बघणाऱ्याची नजर तिथेच खिळते. तुम्ही कधी गेलात तर त्यांचा दुसरा हात बघा. आधी डोकं पाण्याने चांगलं चोळून घेतात, मग अंगठ्याने कातडी मागे ओढून धरतात, आणि वस्तरा पुढे गेला की अंगठाही मागोमाग सरकतो. कातडी भिजलेली आणि ताणलेली असली की धार फक्त केसाला लागते. ढिली असली की धारेपुढे तिची घडी गोळा होते आणि तीच कापली जाते. म्हणून वस्तरा उजव्या हातात धरणार असाल तर शिकायचं ते डाव्या हाताचं काम. फुग्याला फेस लावून सराव करा असं बरेच जण सांगतात. मला तो निव्वळ टाइमपास वाटतो, कारण फुग्याची कातडी आधीच ताणलेली असते.

आता आजोबांचा वस्तरा. तो सापडला तसा तोंडाला लावू नका. उजेडात धरून धारेवर कुठे दाता पडलाय का, गंज थेट धारेपर्यंत पोचलाय का, मुठीची खीळ ढिली झालीय का, ते बघा. पाठीवरचे, म्हणजे धारेसमोरच्या जाड कडेवरचे, काळे डाग चालतात, धारेवरचा गंज नाही. पात्याच्या बुडाशी ‘सोलिंगेन’ कोरलेलं असेल तर जपून ठेवण्यासारखी वस्तू आहे. जर्मनीतल्या त्या शहरात वस्तरे आजही बनतात. दाते नसतील आणि नुसती धार गेली असेल तर 4000, 8000 आणि शेवटी 12000 ग्रिटच्या दगडावर ती परत येते (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितका दगड बारीक). मात्र पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकलेली हवीत. हे काम जाणत्या माणसाकडून करून घ्या. गल्लीत सायकलवर चाक फिरवत चाकू-कात्रीला धार लावणारे येतात, त्यांच्या हातात वस्तरा चुकूनही देऊ नका. त्या चाकाने पातं तापतं, पोलादाचं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो, आणि पाठीचा मेळ बिघडतो.

बोथट वस्तरा धारदार वस्तऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा असतो. केस कापला जात नाही म्हणून आपण दाब देतो, आणि दाब दिला की जखम ठरलेली. हातावरचे केस जोर न लावता उडत नसतील तर तो वस्तरा चेहऱ्यासाठी तयार नाही. दर दाढीआधी चामड्याच्या पट्ट्यावर तीस-चाळीस फेऱ्या द्या. पुढे जाताना पाठ पुढे आणि धार मागे हवी, वळवताना पातं पाठीवर फिरवायचं. धारेवर उलटवलंत तर पट्टा चिरेल आणि धारही दुमडेल.

हे सगळं जमवणं कठीण वाटत असेल तर सलूनमध्ये असतो तसा अर्ध्या ब्लेडचा वस्तरा घ्या. स्वस्त आहे, पट्टा लागत नाही, दर वेळी नवी धार. पण ते ब्लेड पातळ आणि तिखट असतं, कोन जरा चुकला की लगेच चावतं. आजोबांचं जाड पातं त्या मानाने माफ करतं.

दाढी आंघोळीनंतर करा. थंडीत नाशिकचं पाणी कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको, तेव्हा निदान गरम पाण्याचा टॉवेल दोन-तीन मिनिटं चेहऱ्यावर ठेवा. बोअरचं जड पाणी असेल तर फेस पटकन बसतो, त्यापेक्षा नळाचं पाणी वापरा. ब्रशने दाट फेस करा.

कानाजवळची कातडी डाव्या हाताने वर ओढा. पातं गालावर आडवं टेकवा आणि पाठ साधारण तीस अंश उचला. मग केसांच्या कलाने खाली, एकेक इंचाचे छोटे हात. वस्तऱ्याच्या वजनापलीकडे जोर नको. एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की बसवा: पातं धारेच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे सुरीने भाजी चिरतो तसं, कधीही सरकवायचं नाही. खोल जखमा होतात त्या यानेच. उलटा हात, म्हणजे केसांच्या कलाविरुद्ध, महिनाभर तरी विसरा.

गाल सहज जमायला लागले की मग गळा. तिथे केस कुठून कुठे वाढतात ते दोन दिवसांच्या खुंटांवरून बोट फिरवून आधी ओळखा, बऱ्याच जणांचे आडवे वाढतात. कंठमण्यावर सरळ जाऊ नका, कातडी बाजूला ओढून सपाट भागावर आणा. हनुवटी सगळ्यात शेवटी.

वस्तरा हातातून निसटला तर झेलायचा प्रयत्न करू नका, पाय मागे घ्या. बाथरूमचं दार आतून लावा, मागून मुलं येऊन धडकतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा चेहऱ्यावर पुळ्या असतील तर हा नाद आत्ता नको. बारीक कापलं तर गार पाणी आणि तुरटी पुरते. स्वच्छ कापडाने दहा मिनिटं सलग दाबूनही रक्त थांबलं नाही तर डॉक्टरकडे जा.

आणि वस्तरा एकाच माणसाचा, भावालासुद्धा द्यायचा नाही. हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस टिकतो. सलूनमध्ये दर गिऱ्हाईकाला नवं ब्लेड लावायचं ते अशाच रोगांसाठी.

दाढी झाली की पातं धुवा, मऊ कापडाने पाठीकडून धारेकडे पुसा आणि थोडा वेळ उघडंच वाळू द्या. धार नळाला आपटू देऊ नका. पावसाळ्यात शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात द्या. खोबरेल नको, आपल्याकडच्या थंडीत ते गोठतं. वस्तरा बाथरूममध्ये ठेवू नका, कपाटात वरच्या फळीवर ठेवा.