लेस्टरची गाडी पुण्यात आणावी का?

प्रश्न असा आलाय: लेस्टरहून एक ताई ऑगस्ट २०२६ मध्ये कुटुंबासह कायमच्या पुण्यात परत येतायत. मार्च २०२४ मध्ये २६,००० पाउंडांना नवी घेतलेली मोठी पेट्रोल एसयूव्ही आहे, थोडे हप्ते बाकी आहेत, डीलर १५,५०० देतोय. मूव्हर्सवाला म्हणतो घरसामानाबरोबर दोन हजार पाउंडांत गाडीपण पाठवतो, फक्त कागद तयार ठेवा. तर कुठले कागद, आणि आणावी का?

ताई, कागद सांगतो, पण आधी एक गैरसमज काढून टाकू कारण तो मूव्हर्सवाले कधीच काढत नाहीत. ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्सची, म्हणजे कायमचं परत येणाऱ्यांना कस्टममध्ये मिळणारी, सवलत फ्रिज, टीव्ही, फर्निचर असल्या घरसामानाला आहे, गाडीला नाही. गाडीवर पूर्ण ड्यूटी बसते आणि तीसुद्धा डीलर देतोय त्या १५,५०० वर नाही! कस्टमवाले नवीन असतानाची किंमत धरतात आणि त्यातून ठरलेला घसारा काढतात, पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी अडीच. तुमच्या गाडीचा साधारण ३३ टक्के निघतो, म्हणजे राहिले १७,४०० आणि त्यात भाडं-विमा दोन हजार, झाले १९,४००. यावर बेसिक ड्यूटी ७० टक्के, ॲग्री सेस (शेतीच्या पायाभूत सुविधांसाठीचा) साडेसदुसष्ट टक्के, आणि या सगळ्या बेरजेवर परत ४० टक्के आयजीएसटी. ड्यूटी झाली ४५,००० पाउंड, पाउंड ११५ रुपये धरला तर ५२ लाखांच्या आसपास. वर महाराष्ट्रात इम्पोर्टेड गाडीला रोड टॅक्स २० टक्के, म्हणजे अजून १५ लाख. (व्हॅट, ट्रेड डिस्काउंट यांनी आकडा थोडा खाली येईल, पण निर्णय बदलेल इतका नाही.) १८ लाखांच्या गाडीवर ६७ लाख, चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच.

आता कागद. तिकडून व्ही५सी लॉगबुक (तिकडचं आरसी बुक), त्यातला परमनंट एक्स्पोर्टचा तुकडा भरून फाडायचा आणि स्वानसीला डीव्हीएलएकडे (तिकडचं आरटीओ) पोस्टाने पाठवायचा, बाकीचं लॉगबुक जपून ठेवायचं कारण इथे आरटीओत लागतं. खरेदीचं बिल, आणि हप्ते चालू आहेत म्हणून फायनान्स कंपनीचं कर्ज फिटल्याचं पत्र, त्याशिवाय गाडी देशाबाहेर काढायचा विचारसुद्धा करू नका, कर्ज फिटेपर्यंत गाडी बहुतेक वेळा कागदोपत्री त्यांचीच असते. मग जहाजावर चढायच्या आधीचं इन्स्पेक्शन सर्टिफिकेट, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची माल चढवल्याची पावती), मरीन इन्शुरन्स, पासपोर्ट, पॅन. इथे क्लिअरिंग एजंट बिल ऑफ एंट्री (कस्टमचा आयातीचा अर्ज) भरणार. जुनी गाडी फक्त मुंबई बंदरातूनच आत येते, नंतर पुण्याची एआरएआय किंवा नगरची व्हीआरडीई अशा गाड्या तपासणाऱ्या संस्थेत टेस्टिंग, मग आरटीओ. यात एक कागद जरी अडकला तरी बंदरात गाडीचं भाडं आणि डेमरेज (माल वेळेत न उचलल्याचा आकार) रोज चालू.

आणि सगळ्यात महत्त्वाची तारीख लॉगबुकवरच्या रजिस्ट्रेशनची नाही. नियम आहे तयार झाल्यापासून तीन वर्षांच्या आतली गाडी. तुम्ही लिहिलंय की डीलरने सांगितल्यानुसार गाडी नोव्हेंबर २०२३ मध्ये तयार झालेली आहे, म्हणजे नोव्हेंबर २०२६ ला मुदत संपली. ऑगस्टमध्ये निघालेली गाडी जहाज उशिरा आलं किंवा तिकडच्या गोदामात महिनाभर पडून राहिली की काठावर येते, आणि तीन वर्षं ओलांडली तर पैसे असूनही उपयोग नाही. उजव्या हाताचं स्टिअरिंग लागतं, ते तुमच्याकडे आहे एवढं एक बरं, दुबई-अमेरिकेवाल्यांची गाडी डाव्या स्टिअरिंगमुळे तिथेच बाद होते.

कुणी कार्नेवर (गाडी तात्पुरती आणायच्या परवान्यावर) आणा म्हणेल, ती सोय फिरायला येणाऱ्यांची, मुदतीत गाडी परत न्यावी लागते.

तर विका. पण १५,५०० ला लगेच हो म्हणू नका, दोन-तीन ऑनलाइन खरेदीवाल्यांकडून भाव घ्या, आणि फायनान्स कंपनीकडून सेटलमेंट फिगर, म्हणजे कर्ज एकदम फेडायला लागणारी रक्कम, लेखी मागवा. विकल्याचं डीव्हीएलएला कळवलं की उरलेल्या पूर्ण महिन्यांचा रोड टॅक्स परत येतो. हाती आलेले पैसे एफडीत ठेवा आणि इथे आल्यावर २०-२२ लाखांतली नवी गाडी निवांत बघून घ्या, सर्व्हिस सेंटर, पार्ट्स सगळं घराजवळ. तिकडच्या विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र मात्र निघायच्या आधी मागून घ्या, इथल्या नव्या पॉलिसीत ते मान्य होऊ शकतं आणि प्रीमियम चांगला उतरतो, नंतर ईमेलवर मागत बसलं की महिने जातात.