वाचकांचे प्रश्न : टाकीतली कावीळ, उतरलेला ताप आणि नागीण

ठाणे आणि नवी मुंबईतून या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत ‘व्हायरल’ हा एकच शब्द चार निरनिराळ्या आजारांसाठी वापरलेला आहे. विषाणू कोणता आणि तो कुठून शिरतो हे कळल्याशिवाय उपाय ठरत नाही. म्हणून मोजकीच पत्रे घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या सोसायटीत तीन आठवड्यांत सहा जणांना कावीळ झाली. डॉक्टरांनी ‘हिपॅटायटिस ए’ सांगितले. कमिटीने लगेच लिफ्टजवळ सॅनिटायझर लावले. टाकीच्या पाण्याचा रिपोर्टही चांगला आला आहे. मग कावीळ आली कुठून? टाकीत पावडर किती टाकायची?
(सोसायटीच्या सचिव, घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : आधी सॅनिटायझरबद्दल. विषाणू म्हणजे डीएनए किंवा आरएनएचा एक धागा आणि त्याभोवती प्रथिनांचे कवच. काही विषाणूंच्या कवचावर चरबीचे आणखी एक पातळ वेष्टन असते. फ्लू, कोरोना, डेंग्यू हे त्यातले. अल्कोहोलने ते वेष्टन विरघळते आणि विषाणू निकामी होतो. हिपॅटायटिस एच्या विषाणूला बाहेर पडल्यावर असे वेष्टन नसते. उघडे प्रथिन-कवच अल्कोहोलला फारशी दाद देत नाही, पोटातल्या आम्लालाही नाही. साबणाने तो मरत नसला तरी हातावरून सुटून वाहत्या पाण्याबरोबर जातो. संडासहून आल्यावर आणि कणीक मळण्याआधी साबण-पाणीच हवे.

आता रिपोर्ट. पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत ई-कोलायसारखे जिवाणू शोधतात, विषाणू नव्हे. हा विषाणू त्या जिवाणूंपेक्षा पाण्यात जास्त दिवस तग धरतो. शिवाय शरीरात शिरल्यापासून कावीळ दिसेपर्यंत १५ ते ५० दिवस जातात, सरासरी २८. आज डोळे पिवळे झाले ते महिन्यापूर्वीच्या पाण्याने. आजचा नमुना स्वच्छ निघाला म्हणून टाकी निर्दोष ठरत नाही. महिन्यापूर्वी काय घडले ते आठवा : रस्ता खोदला होता का, टँकर मागवला होता का, जमिनीखालच्या टाकीचे झाकण फुटले आहे का, तिच्याशेजारून ड्रेनेजची लाइन जाते का. पाणी ठरावीक वेळीच येत असेल तर मधल्या काळात नळातला दाब उतरतो आणि फुटलेल्या सांध्यातून आजूबाजूची घाण आत ओढली जाते. लाइनला थेट पंप जोडलेला असेल तर ही ओढ आणखी वाढते.

टाकी धुताना : पाणी काढा, गाळ उपसा, भिंती आणि झाकणाची आतली बाजू ब्रशने घासा. जमिनीखालच्या टाकीत माणूस उतरण्याआधी झाकणे बराच वेळ उघडी ठेवा, आत हवा खेळवा आणि एक माणूस सतत तोंडाशी उभा ठेवा. बंद टाकीत प्राणवायू कमी असतो; माणसे जातात ती यामुळे. मग टाकी भरून १००० लिटरमागे २०० ग्रॅम टीसीएल पावडर (म्हणजे ब्लीचिंग पावडर, २५ टक्के क्लोरिन असलेली) द्या. प्रत्येक मजल्यावरचा नळ क्लोरिनचा वास येईपर्यंत सोडून बंद करा. रात्रभर, निदान १२ तास, तसेच ठेवा. हे पाणी पिऊ नये, स्वयंपाकालाही वापरू नये. सकाळी सगळे सोडून टाका आणि टाकी ताज्या पाण्याने भरा.

रोजचा हिशेब वेगळा आहे : १००० लिटरला ८ ग्रॅम, म्हणजे दहा हजार लिटरच्या टाकीला ८० ग्रॅम. पावडर थेट टाकीत भुरभुरू नका. प्लॅस्टिकच्या बादलीत आधी थोड्या पाण्यात कालवा, मग बादली भरा, चुना खाली बसू द्या आणि वरचे नितळ पाणी तेवढे टाकीत ओता. अर्ध्या तासाने ओटी टेस्ट करा, म्हणजे पाण्याच्या नमुन्यात ओटी द्रावणाचे थेंब टाकून रंगावरून क्लोरिन मोजा. लिटरमागे किमान ०.५ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक दिसले पाहिजे. रंग येत नसेल तर दोनच कारणे : पाण्यात घाण फार आहे किंवा पावडर मेली आहे. पावसाळ्यात उघडी राहिलेली गोणी दमट हवेने महिन्याभरात कामातून जाते, आणि बहुतेक सोसायट्यांत ती मीटररूममध्ये उघडीच असते. ही पावडर संडास साफ करायच्या ॲसिडजवळ कधीही ठेवू नका. दोन्ही मिसळले की विषारी वायू निघतो.

घरात तोवर पाणी खळखळून उकळा. उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरते. तुरटीने गाळ बसतो, विषाणूची खात्री देता येत नाही. कापडातून आणि मेणबत्तीच्या फिल्टरमधून तो आरपार जातो, कारण त्याचा व्यास सुमारे २७ नॅनोमीटर आणि फिल्टरची छिद्रे त्याच्या कितीतरी पट मोठी. प्युरिफायरमधला यूव्हीचा दिवा जुना झाला असेल तर मशीन नुसते गुणगुणते.

आजाऱ्याच्या शौचातून विषाणू कावीळ दिसण्याआधी सुमारे दोन आठवडे आणि नंतर साधारण आठवडाभर पडत राहतो. तेवढे दिवस त्याने इतरांसाठी स्वयंपाक करू नये. हळद, तेल बंद करण्याचे कारण नाही. दारू मात्र बंद, आणि पॅरासिटामॉलसुद्धा डॉक्टरांना विचारूनच. ही कावीळ बहुतेकांची आपोआप उतरते. माळ घालणाऱ्याला श्रेय मिळते ते त्यामुळे. सोसायटीत कोणी गरोदर असेल तर त्या घराला आज निरोप द्या : पाण्यातूनच येणारी ‘ई’ कावीळ शेवटच्या तीन महिन्यांत जिवावर बेतू शकते.

प्रश्न : ताप आला की डॉक्टर ‘व्हायरल आहे, अँटिबायोटिक नको’ म्हणतात. शेजाऱ्यांना मात्र त्याच तापात गोळ्या दिल्या. असे का?
(एक वाचक, ऐरोली)

उत्तर : जिवाणूला स्वतःची भिंत असते, प्रथिने तयार करणारी यंत्रणा असते. अँटिबायोटिक नेमका तिथे घाव घालते. विषाणूकडे यातले काहीच नसते. तो आपल्या पेशीच्या पृष्ठभागावरच्या एखाद्या प्रथिनाला चिकटतो, आत शिरतो, कवच उतरवतो आणि पेशीच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो. मारायचे काय, तर आपलीच पेशी! म्हणून विषाणूविरोधी औषधे थोडी आहेत आणि ती ठरावीक विषाणूंपुरतीच. फ्लूसाठीचे ओसेल्टामिव्हिर पहिल्या ४८ तासांत घेतले तर सर्वाधिक उपयोगी पडते.

शेजारी पावसात तुंबलेल्या पाण्यातून चालत गेले होते का? तसे असेल तर डॉक्टरांना लेप्टोचा संशय आला असावा. उंदरांच्या मुतातून पसरणारा हा आजार जिवाणूचा आहे, त्यावर डॉक्सिसायक्लिन चालते आणि ते लवकर सुरू करावे लागते. पहिल्या दोन दिवसांत लेप्टो, डेंग्यू आणि फ्लू एकसारखेच दिसतात. त्यामुळे गुडघाभर पाण्यातून चालला असाल तर विचारायची वाट न पाहता डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : मुलाला डेंग्यू झाला. पाचव्या दिवशी ताप पूर्ण उतरला, पण प्लेटलेट ७०,००० वर आल्या. प्लेटलेट चढवाव्यात का? तो कामावर जायचे म्हणतो.
(एक आई, नेरूळ)

उत्तर : कामावर नको. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच धोक्याचे २४ ते ४८ तास सुरू होतात. बहुतेकदा हा काळ तिसऱ्या ते सातव्या दिवसात येतो. केशवाहिन्यांतून रक्तातला द्रव बाहेर झिरपतो, रक्त दाट होते आणि दाब घसरतो. प्लेटलेटइतकेच लक्ष सीबीसीतल्या (रक्ताच्या नेहमीच्या तपासणीतल्या) हिमॅटोक्रिटवर, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणावर ठेवा. आकडा आधीपेक्षा २० टक्क्यांनी वाढला तर द्रव गळतो आहे. ७०,००० ला, रक्तस्राव नसताना, प्लेटलेट चढवत नाहीत. हा प्रश्न साधारण १०,००० च्या खाली किंवा रक्तस्राव असेल तरच येतो.

पोटात सतत दुखणे, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, काळी शी, गुंगी किंवा सहा तासांत लघवी नाही, यांतले एकही दिसले तर रात्र असो की पहाट, रुग्णालय गाठा. ओआरएस, शहाळे, पेज थोडे थोडे चालू ठेवा. तापाला फक्त पॅरासिटामॉल, दोन डोसांत सहा तासांचे अंतर. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन नको. कमरेत इंजेक्शनही नको, रक्त साकळते. पपईच्या पानांचा रस घेतलाच तर त्यापायी पेज-पाणी सुटू देऊ नका.

डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एकदा झालेला प्रकार पुन्हा सहसा होत नाही, पण दुसऱ्या प्रकाराने गाठले तर जुनी प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) उलट विषाणूला पेशीत शिरायला मदत करतात आणि आजार गंभीर होऊ शकतो. तेव्हा घरचे डास संपवा. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी पाण्याच्या काठाला अंडी चिकटवते आणि ती कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात. फ्रिजमागचा ट्रे आणि मनी प्लांटची बाटली नुसती ओतून चालत नाही, आठवड्याला कड घासावी लागते. धूरफवारणीने उडते डास तेवढे मरतात.

प्रश्न : आईला (वय ६८) कमरेच्या उजव्या बाजूला नागीण झाली आहे. वेढा पूर्ण झाला तर माणूस जातो, खरे का? घरात सहा महिन्यांचा नातू आहे.
(एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : खरे नाही. लहानपणी कांजिण्या देणारा विषाणू मज्जारज्जूजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींत दडून राहतो आणि प्रतिकारशक्ती उतरली की एका तंतूच्या वाटेने त्वचेवर येतो. तो तंतू शरीराच्या एकाच बाजूला असतो, त्यामुळे पुरळ सहसा मध्यरेषेपाशी थांबते. वेढा पडण्याची भीती सोडा, उशिराची धरा. पुरळ दिसल्यापासून ७२ तासांत ॲसायक्लोव्हिरच्या वर्गातले औषध सुरू करावे. ॲसायक्लोव्हिर दिले तर नेहमीचा डोस ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. मूत्रपिंड कमजोर असल्यास डॉक्टर तो कमी करतात. फोड वाळल्यावरही महिनोन्‌महिने आग होत राहणे हा या वयातला मोठा त्रास. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले असते तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठावे लागले असते.

नातवाला नागीण होणार नाही, पण फोडांतल्या पाण्यातून कांजिण्या होऊ शकतात. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत फोड सुती कापडाने झाका, टॉवेल वेगळा ठेवा, आणि तोवर आजीने बाळाला मांडीवर घेऊ नये.