आबांची ओम्नी: आधी रंग की आधी रेडिएटर?

प्रश्न: दादा, आमच्याकडे सासऱ्यांनी घेतलेली २०११ची ओम्नी आहे. आबा आता नाहीत, त्यांच्या हातची गाडी म्हणून विकायला मन होत नाही. मागच्या मे महिन्यात वेरूळला जाताना कन्नडच्या घाटात इतकी तापली की पोरांना घेऊन भर उन्हात तासभर उभं राहिलो, बाटलीतलं पाणी ओतत ओतत पुढे गेलो. हे म्हणतात आधी डेंटिंग-पेंटिंग करून घेऊ, बाकीचं नंतर. आणि दोन महिन्यांनी १५ वर्षं भरतायत, सगळे म्हणतात आता भंगारातच जाणार. काय करू?
— एक वाचक, पाचोरा

उत्तर: ताई, आधी भंगाराची भीती काढून टाका. १५ वर्षं झाली म्हणून गाडी बंद, हे दिल्लीकडच्या बातम्यांवरून लोक बोलतात, आपल्या एमएच १९ ला (जळगावला) तसं नाही. आरटीओत नोंदणी वाढवून घ्यायचा फॉर्म २५ भरायचा, मुदत संपायच्या आधी ६० दिवसांपासून भरता येतो म्हणजे तुमची वेळ आत्ताच आलीये, गाडी तपासायला न्यावी लागते आणि पास झाली की पुढची ५ वर्षं मोकळे. फी २०२२ पासून ५००० झालीये, पर्यावरण कर वेगळा. आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) अजून आबांच्याच नावावर असेल तर आधी ते ट्रान्सफरचं काम हातात घ्या, त्यालाच वेळ जातो.

आता रंगाचं. भाऊंना माझ्याकडून सांगा, रंग सगळ्यात शेवटी. ओम्नीचं ७९६ सीसीचं इंजिन पुढच्या सीटखाली बसलेलं, तिथे हवा तशीच कमी खेळते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ला टेकतो. सकाळी गाडी पूर्ण थंड असताना (गरम असताना चुकूनही नको, वाफेने हात भाजतो) रेडिएटरचं झाकण उघडा आणि आतून बोट फिरवा. बोटाला तांबडा गाळ लागला तर समजा वर्षानुवर्षं नुसतं बोअरचं पाणी ओतलं गेलंय, त्याने आत गंज चढतो, जड पाण्याचा क्षारही धरतो, नळ्या बुजतात. रेडिएटर काढून साफ करून घ्या, होज पाईप दाबून बघा, कडक किंवा तडकलेले असले तर बदला, थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) नवीन टाका आणि यापुढे पाणी नको, फक्त कुलंट (इंजिन थंड ठेवणारं तयार द्रावण). फिटर लोक थर्मोस्टॅट काढून फेकून देतात, तसं करू देऊ नका.

अजून एक, गाडी ट्रॅफिकमध्ये उभी राहिली की तापते आणि पळायला लागली की तापमानाचा काटा खाली येतो, असं असेल तर पंखा किंवा त्याचा स्विच बघा. फक्त चढावरच तापत असेल तर रेडिएटर नाहीतर वॉटर पंप. आणि ऑइलचं झाकण उघडल्यावर आत दुधासारखं पांढरं दिसलं तर गॅस्केटवर (इंजिनचं हेड म्हणजे वरचा भाग आणि खालचा भाग यांच्यामधलं पॅकिंग) संशय घ्या, तशी गाडी चालवू नका, हेड वाकलं की खर्च कुठल्या कुठे जातो.

टायरचं मला जास्त वाटतं. घरची गाडी कमी फिरते म्हणून नक्षी छान दिसते आणि आपण फसतो, रबर मात्र उन्हात वाळून गेलेलं असतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, समजा ३२१८, म्हणजे २०१८च्या ३२व्या आठवड्यात बनलेला. तुमचे सहा-सात वर्षांच्या वरचे निघाले किंवा बाजूला बारीक भेगा दिसल्या तर पेंटरच्या पैशातून पहिले टायर घ्या, पोरं बसतात त्यात. ब्रेक ऑइल आणि मागची ड्रम पण त्याच दिवशी उघडून घ्या.

रंगाआधी पत्रा बघा. मॅटिंग उचला, खाली ओल आहे का ते पाहा, स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने फ्लोअर आणि दरवाज्याच्या खालची पट्टी ठोका, टणटण वाजलं तर चांगलं, भदभद वाजलं तर आतून सडलंय. पट्टीखाली पाणी निघायला बारीक भोकं असतात, आपली काळी माती त्यात बसून भोकं बंद करते आणि गंज आतून बाहेर येतो. तारेने मोकळी करा. सडलेल्या पत्र्यावर लांबी (पुट्टी) मारून रंग दिला तर एका पावसाळ्यात फुगे येतात. सरकत्या दरवाज्याच्या रेलमध्ये ग्रीस थापू नका, धूळ चिकटते, रेल पुसून कोरडी ठेवा आणि रोलर झिजले असतील तर बदला.

ओम्नी २०१९ला बंद झाली तरी पार्ट अजून मिळतात, त्याची काळजी नको. एवढं सगळं झाल्यावर पहिल्यांदा चाळीसगावपर्यंत जाऊन या, काट्यावर लक्ष ठेवा, आणि परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कुलंटची पातळी बघा. ती उतरली नसेल तर मग घाट चढा.