कॅम्प राहू दे, आधी त्याचा 17 नंबरचा फॉर्म भर

पत्र:
मावशी, मी 23 वर्षांची आहे, वेंगुर्ल्याजवळच्या एका मच्छीमार वाडीत आमच्या चर्चचा युथ ग्रुप बघते. वाडीची परिस्थिती बिकट आहे, मासळी पूर्वीसारखी मिळत नाही, पोरं नववी-दहावीतच शाळा सोडून ट्रॉलरवर नाहीतर गोव्याला हॉटेलात कामाला जातात, काहींची दारू पण सुरू झालीय. मी दर रविवारी मिस्सानंतर सगळ्यांना हॉलमध्ये जमवते. गाणी, प्रार्थना, बाहेरचे स्पीकर, सगळं करून झालं. आधी हॉल भरायचा, आता जेमतेम आठ-नऊ जणं येतात. 15 ऑगस्टला जोडून तीन दिवसांचा आशा कॅम्प ठरवलाय पण कोणी नावच देत नाही. आई म्हणते हे सगळं सोड आणि लग्नाचं बघ. एकच सतरा वर्षांचा मुलगा न चुकता येतो, सगळ्यांच्या आधी येऊन सतरंज्या घालतो पण गाणी सुरू झाली की बाहेर जाऊन बसतो (नववीत शाळा सुटलेली, आता बोटीवर जातो, मे महिन्यात मला विचारत होता बाहेरून दहावीला बसायचा 17 नंबरचा फॉर्म कुठे भरतात, कॅम्पच्या गडबडीत राहून गेलं). या मुलांच्या मनात आशा कशी जागवू?
— थकलेली ताई

उत्तर:
अगं बाय, तुझं एवढं मोठं पत्र, आणि त्यातलं कामाचं वाक्य तू कंसात टाकलंयस.

मे महिन्यात विचारलं त्याने. आता जुलै चालू आहे. तेव्हापासून तो पोरगा दर रविवारी सगळ्यांच्या आधी येतोय, सतरंज्या घालतोय, आणि तुला वाटतंय त्याला ग्रुपची आवड आहे. तो तुझ्या उत्तरासाठी येतोय गो. सगळ्यांच्या आधी का येतो, तर तेव्हा तू एकटी असतेस म्हणून. बोटीवर जाणारा सतरा वर्षांचा मुलगा 'मला परत दहावीला बसायचंय' हे एकदा कसंबसं विचारतो, दुसऱ्यांदा विचारायला त्याची जीभ उचलत नाही. आणि ज्याला खरंच काहीतरी करायचंय तो बाहेर कठड्यावर बसलेला असताना तू आत स्पीकर आणून बाकीच्यांना आशा शिकवतेस, मला राग येणार नाही तर काय!

आपल्याकडे दहावीचं काय चालतं ते तुला माहितीय. 2012 ला कोकण बोर्ड वेगळं झालं तेव्हापासून निकालात आपण राज्यात पहिले, 2024 ला तर 99.01 टक्के. पेपरात फोटो, नाक्यावर बॅनर, पेढे, सगळं व्यवस्थित होतं. पण ही टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांची असते, नववीतच सुटलेलं पोर त्यात कुठेच धरलेलं नसतं, ना पासात ना नापासात. वर जिथे झाडून सगळे पास होतात तिथे ज्याची दहावीच झाली नाही त्याला लग्नात, जत्रेत, चर्चबाहेर कोणी 'काय करतोस रे' विचारलं की मान खाली घालावी लागते. अशा पोराला तुझा तो जोरजोरात बोलणारा स्पीकर 'मोठी स्वप्नं बघा' सांगतो तेव्हा तो उठून बाहेर जातो, मी असते तर मी पण गेले असते.

कॅम्पला नावं का येत नाहीत हे पण तू मला विचारतेस याचं नवल वाटतं, मच्छीमार वाडीत वाढलीस ना तू? 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, 1 ऑगस्टपासून बोटी सुटणार. ज्यांच्यासाठी कॅम्प घेतेयस ती मोठी पोरं 15 ऑगस्टला पाण्यात असणार. मरियेच्या सणाला आणि झेंड्याला सुट्टी असते म्हणून तारीख तुला सोयीची वाटली, त्यांच्या तांडेलाला, बोट चालवणाऱ्या म्होरक्याला, विचारलंस का? नाही ना. जाऊ दे, कॅम्प पुढे ढकल नाहीतर रद्द कर, मला त्यात इंटरेस्ट नाही.

तुमच्या ग्रुपच्या बॅनरवर डॉन बॉस्कोचा फोटो असेलच, बहुतेक ठिकाणी असतो. गरीब पोरांसाठी झटणारा इटलीतला फादर तो. तर त्या माणसाने काय केलं ते ऐक. 1852 च्या फेब्रुवारीत तुरिन शहरात एका पोराला सुताराकडे कामाला लावताना त्याने नुसतं डोक्यावर हात ठेवून पाठवलं नाही, सुताराबरोबर चक्क लेखी करार केला. पोर चुकलं तर तोंडाने सांगायचं, हात उगारायचा नाही, रविवार आणि सणाची सुट्टी द्यायची, असलं सगळं कागदावर लिहून घेतलं आणि स्वतः सही केली. गाणी आणि खेळ त्याच्याकडेही होतेच, पण पोरासाठी मालकाच्या दारात जाऊन उभा राहायचा तो, आणि ही कागदपत्रांची कटकटही करायचा.

आता तुझं काम. येत्या सोमवारी सकाळी त्याला घेऊन त्याच्या जुन्या शाळेत जा, एकट्याला पाठवू नकोस, तो गेटवरून परत येईल. शाळा सोडल्याचा दाखला माग. हरवलाय, दिलाय, क्लार्क रजेवर आहे असलं काहीतरी ऐकायला मिळेल, तू खुर्ची ओढून बस आणि डुप्लिकेटचा अर्ज तिथेच लिहून दे. मूळ दाखला नसेल तर डुप्लिकेटबरोबर प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. पाचवी पास आणि वय 14 पूर्ण एवढंच बोर्डाला लागतं, त्यामुळे 'आता वय गेलं' असं कोणी बोललं तर ऐकून घेऊ नकोस. फॉर्म बोर्डाच्या वेबसाइटवर ऑनलाइन भरायचा आणि मग कागद आणि फी संपर्क केंद्र म्हणून जी शाळा मिळेल तिथे नेऊन द्यायची. तारखा दरवर्षी जाहीर होतात, त्या चुकल्या की लेट फी, आणि लेट फीची मुदत पण गेली की वर्ष गेलं, म्हणून सोमवार म्हणतेय.

आणि एक गोष्ट नीट बघ, आपल्या लोकांच्या कागदांवर नावाचा घोळ असतोच. आधारवर फर्नांडिस, दाखल्यावर फर्नांडीझ, चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत तिसरंच काहीतरी, आणि बापाचं नाव एकीकडे पूर्ण तर दुसरीकडे नुसतं टोपणनाव. फॉर्म भरायच्या आधी हे तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळव, कारण पुढे मार्कशीटवर तेच छापून येणार आणि ते बदलायला जन्म जातो. बाप्तिस्म्याचा दाखला फादरांकडून लगेच मिळेल, तुझ्या चर्चकामाचा एवढा तरी फायदा होऊ दे.

मग संध्याकाळी त्याच्या तांडेलाकडे जा. तोंडी परीक्षा आणि पेपरांचे दिवस असतील तेव्हा पोराला किनाऱ्यावर ठेवायचं, हे आत्ताच, बोटी सुटायच्या आधी, त्याच्याकडून कबूल करून घे. एकटीचं ऐकणार नसेल तर फादरांना बरोबर ने. तांडेल तुमच्याच चर्चचा असेल तर अजून बरं, मिस्साला भेटेल तेव्हा परत आठवण करता येईल.

आईचं लग्नाचं काय ते तुम्ही दोघी बघा. आठ जणं येतात की चाळीस याचं मला काही विचारू नकोस. त्याच्या फीचे पैसे कॅम्पच्या फंडातून भर, पण सगळ्यांसमोर नाही आणि ग्रुपवर फोटो टाकून तर अजिबात नाही. पावती मिळाली की ओरिजिनल त्याच्या आईच्या हातात दे, झेरॉक्स तुझ्याकडे ठेव, आणि मला कळव.
— मावशी